मागे राख न ठेवणारं तेल

ऑक्टोबर लागला की आमच्या घाटकोपरच्या गल्लीतली सातवीण फुलते. दिवसभर अंगाची लाहीलाही आणि दिवेलागणीला हा जड, गोडसर, कपाळ धरायला लावणारा वास. सोसायटीत दरवर्षी दोन अर्ज फिरतात, एक झाड छाटा म्हणणारा आणि एक छाटू नका म्हणणारा. दोन्ही माझ्या दारात येतात आणि मी दोन्हीकडच्या लोकांना चहा पाजून अर्ज कोरेच परत पाठवते. अलीकडे सही करायची म्हटलं की माझा हात उचलत नाही. लोक म्हणतात, बाई तिरसट झाल्यात. मी पहिल्यापासूनच तिरसट आहे. पूर्वी ते ऐकून घ्यायला घरात कोणीतरी होतं, एवढाच फरक.

याच दिवसांत आभाळ मोकळं होतं आणि गॅलरीत बसलं की उतरणारी विमानं डोक्यावरून इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात. टीव्हीवरच्या बातमीतलं निम्मं वाक्य दरवेळी बुडतं. सुधीर, माझा धाकटा भाऊ, शेंगा सोलता सोलता मान वर न करता सांगायचा की या विमानाचं डावं इंजिन जरा कुरकुरतंय. खरं-खोटं करायला कोण जाणार? मी म्हणायचे, जा मग, सांग त्यांना, तुझ्यासाठीच थांबलेत. तो हसायचा आणि सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवायचा. आता वाक्य बुडतं तेव्हा मी नुसती टीव्हीचा आवाज वाढवते.

परवा निकाळजे मॅडमचा फोन आला. त्या पवईला मुलांना इंजिनं शिकवतात. साकीनाक्याच्या मागची आमची औद्योगिक वसाहत आता पाडायची आहे, महिनाअखेरीस गाळा रिकामा करायचा आहे, म्हणून तिथे ठेवलेलं सुधीरचं इंजिन मी त्यांना देऊ केलं. त्या म्हणाल्या, नुसतं मांडून ठेवणार नाही, मुलांना चालवून दाखवणार. ऐकून बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "ताई, यात तेल कुठलं घालायचं?" मी म्हटलं, गाळ्यावर भेटू तेव्हा सांगते. फोन ठेवला. हाच प्रश्न पाच वर्षांपूर्वी अशाच ऑक्टोबरात मला दोनदा विचारला गेला होता. पहिल्यांदा मी लगेच उत्तर दिलं आणि ते चुकलं. दुसऱ्यांदा उत्तर माहीत होतं आणि मी दिलं नाही.

चौतीस वर्षं मी मुलुंडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तेलं तपासली. खायची नव्हेत, यंत्रांची, त्यातही जास्त करून ट्रकची. आमच्याकडे एक जुनी पद्धत होती. चालत्या इंजिनातल्या तेलाचा एक थेंब गाळणकागदावर सोडायचा आणि पसरू द्यायचा. मधे काळा ठिपका पडतो, भोवती करडं वर्तुळ, कडेला पिवळट रेघ. ती वर्तुळं वाचता आली की इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते कळतं. पुढे यंत्रं आली, आकडे छापून यायला लागले, तरी मी आधी कागद बघायचे. ही खोड घरीही सुटली नाही. चिवड्याच्या कागदावरचा डाग, लोणच्याच्या बरणीखालचं वर्तुळ, मी बघत बसते. दुसरी खोड तारखेची. तपासणी ज्या दिवशी झाली तीच तारीख नोंदवहीत जायची. साहेबांनी कितीही गोड बोलून मागची तारीख टाकायला सांगितलं तरी मी टाकली नाही, आणि माझ्या दोन बढत्या त्यातच हुकल्या असं माझं मत आहे. साहेबांचं मत वेगळं होतं.

सुधीर विमानतळावर मेकॅनिक होता. कणकवलीकडून येऊन गिरणीत लागलेल्या आमच्या वडिलांना वाटायचं, मुलाने बँकेत पंख्याखाली बसावं. हा रोज काळी नखं घेऊन घरी यायचा. त्याचं लग्न झालं, चार वर्षांत वहिनी आजारपणात गेली, आणि तो एक बॅग घेऊन पुन्हा आमच्या दोन खोल्यांत राहायला आला. मी तिथून कधी गेलेच नव्हते. आई-वडील गेल्यावर उरलो आम्ही दोघं. घाटावरच्या एका क्लबात जाऊन तो सुट्ट्या-सुट्ट्यांत लहान विमान चालवायला शिकला, आणि मग त्याच्या डोक्यात आलं की स्वतःचं विमान बांधायचं. दोन माणसांचं, घरच्या टेबलाएवढ्या जागेत बसायचं. नऊ वर्षं तो ते बांधत होता. पंख छताला टांगलेले, धड लाकडी घोड्यांवर, आणि शेजारच्या गाळ्यात अगरबत्त्यांचं पॅकिंग चालायचं, त्यामुळे आमच्या विमानाला कायम मोगऱ्याचा वास.

इंजिन त्याने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून शोधून आणलं होतं, एका मोडीत निघालेल्या परदेशी गाडीतलं. वेगळंच होतं ते. आपल्या नेहमीच्या इंजिनात दट्टे वर-खाली होतात. यात दट्टेच नाहीत. लांबट पोकळीत एक त्रिकोणी चकती गरगर फिरते, तिच्या मागे तशीच दुसरी, आणि चकतीच्या तिन्ही टोकांना बोटभर लांबीच्या पट्ट्या बसवलेल्या, त्या पोकळीच्या भिंतीला घासत राहतात. घासतात म्हणून त्यांना सतत तेल लागतं. इंजिन आपल्याच टाकीतलं थोडं थोडं तेल आत सोडतं, आणि ते तेल पेट्रोलबरोबर जळून जातं. हलकं, थरथर न करणारं इंजिन. लहान विमानाला याहून चांगलं काय हवं, असं सुधीर दिसेल त्याला सांगायचा, समोरच्याला विमानात रस असो वा नसो.

तर त्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, झेंडूच्या माळा ओवता ओवता त्याने पहिल्यांदा विचारलं, कुठलं तेल घालू. आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायला लागला की फार जुन्या विमानांत इंजिनच सगळं गरगर फिरायचं आणि त्यात एरंडेल घालायचे. ते तेल उडून वैमानिकाच्या तोंडावर यायचं, नाकातोंडात जायचं, आणि खाली उतरल्यावर तो बिचारा विमानातून थेट परसाकडे पळायचा. आमची आई पावसाळा संपला की एका रविवारी सकाळी दोघांनाही नाक दाबून एरंडेल पाजायची. सुधीर म्हणाला, म्हणजे बघ, मी लहानपणापासूनच वैमानिक आहे. मी इतकी हसले की माळेची सुई बोटात गेली.

मग मी तेल निवडलं. फार विचारही केला नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या तेलांत जे सर्वांत दणकट, तेच सांगितलं. उष्णतेला दाद न देणारं, सहज न जळणारं, घाण धुऊन काढायची औषधं भरपूर घातलेलं. त्या तेलावर ट्रक घाट चढून लाख लाख किलोमीटर जातात. मला त्याचा अभिमान होता, ते तपासण्यात माझी काही वर्षं गेली होती.

सुधीरने डबा आणला आणि त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधून माझ्यापुढे धरली. विमानाच्या कामात एक शिस्त असते. ज्याने काम केलं त्याने स्वतःच ते पास करायचं नाही. दुसऱ्या माणसाने तपासायचं, सही करायची, आणि ती चिठ्ठी त्या वस्तूला बांधायची. सहीची जागा कोरी असेल तर वस्तू विमानाला लागत नाही, मग ती सोन्याची का असेना. मी म्हटलं, अरे आपल्या घरच्या गाळ्यात कसल्या सह्या? तो म्हणाला, ताई, शिस्त ती शिस्त. मी झोकात सही केली. तारीखही घातली.

त्या दिवसांसारखे दिवस माझ्या आयुष्यात फार आले नाहीत. सकाळी लवकर, वसाहतीत गर्दी व्हायच्या आत, आम्ही इंजिन चालवायचो. ते चढत चढत एका सुरात यायचं आणि छताला टांगलेले पंख थरथरायचे. तासाभराने बंद करून मी टाकीतल्या तेलाचा थेंब कागदावर घ्यायचे, तारीख टाकायचे आणि कागद चिमट्याने दोरीवर लावायचे. एकाशेजारी एक कागद वाढत गेले. वर्तुळं बघण्यासारखी होती, एकसारखी, स्वच्छ. माझ्यासारख्या बाईचं कौतुक करणारे लोक कमी. सुधीर त्या कागदांसमोर उभा राहून म्हणायचा, "झकास आहे ना गो?" आणि मला साठी उलटून गेल्यावर शाळेत पहिलं आल्यासारखं वाटायचं.

घाई होती त्याला कारण होतं. वैमानिकाला ठरावीक मुदतीने डॉक्टरांचा दाखला लागतो. सुधीरच्या डॉक्टरांनी मार्चअखेरपर्यंतचा दाखला दिला होता आणि पुढचा देणार नाही हे आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं. त्याच्या छातीतली कुरकुर त्यांना ऐकू आली होती. म्हणजे नऊ वर्षांच्या खटाटोपाला एक थंडी उरली होती. जमिनीवर अकरा तास इंजिन चालवायचं, मग सगळं टेम्पोत घालून घाटावरच्या धावपट्टीवर न्यायचं आणि बारावा तास हवेत.

अकराव्या तासाला, संपायला थोडी मिनिटं असताना, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू होईना. सुधीरने दोन दिवसांत ते उघडलं. चकत्यांच्या टोकांच्या पट्ट्या आपापल्या खाचांत चिकटून बसल्या होत्या. खाचांत करडी, टणक राख भरली होती. नखाने खरवडली तर नख तुटलं.

मी दोरीवरच्या कागदांकडे बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. पण त्यावर मी जे तेल तपासत होते ते टाकीत उरलेलं तेल होतं. जे आत जाऊन जळत होतं त्याचा थेंब माझ्या कागदावर कधी येणारच नव्हता. ट्रकच्या इंजिनात तेल जळत नाही, जळू द्यायचंही नसतं, त्यामुळे जळल्यावर त्याचं काय होतं हा प्रश्न चौतीस वर्षांत मला पडलाच नव्हता. घाण धुणारी ती सगळी औषधं, ज्यांचा मला अभिमान, जळली की त्यांचीच राख होते. मी उरलेलं बघून पास केलं होतं, गेलेलं मोजलं नव्हतं.

सुधीरने पट्ट्या रॉकेलमध्ये भिजत घातल्या, हात धुतले आणि म्हणाला, चल, वर्सोव्याला जाऊन बोंबील आणू. धक्क्यापाशी एक नाखवा आपल्या लहान होडीच्या इंजिनासाठी पेट्रोलमध्ये तेल मिसळत होता. मी सवयीने विचारलं, हे कुठलं. तो म्हणाला, होडीचंच, जळून जातं, मागे काय ठेवत नाही, ठेवलं तर आम्ही मधे समुद्रात अडकू. मी त्याच्याकडून औषधाच्या बाटलीत थोडं मागून घेतलं. सुधीर बाजूला कोळणीशी बोंबलांची घासाघीस करत होता. निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात दोन जुन्या पळ्या घेतल्या. एकीत माझं तेल, एकीत होडीचं. खिडक्या उघडून गॅसवर एकेक धरली आणि जळू दिलं. माझ्या पळीत करड्या राखेचा थर राहिला. दुसरी नुसती काळवंडली, बोट फिरवलं तर बोटाला काही लागलं नाही. उत्तर माझ्यासमोर होतं. फिरत्या दांड्याच्या बेअरिंगसाठी टाकीत एक तेल आणि जळण्यासाठी वेगळ्या लहान टाकीतून हे दुसरं. त्याला सांगणं दहा मिनिटांचं काम. पळ्या बेसिनमध्ये टाकून मी आडवी झाले, डोकं दुखत होतं. संध्याकाळी उठले तर पळ्या घासून जागेवर लावलेल्या होत्या. मी घासल्या नव्हत्या. तरी मी त्याचा विचार केला नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो होतो. खाली सातवीण अशीच घमघमत होती. डोक्यावरून विमान गेलं, त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत तो थांबला आणि मग म्हणाला, "ताई, आता कुठलं घालू?"

"मला नको विचारू. दुसऱ्या कोणाला तरी विचार."

"दुसरं कोण आहे गो?"

मी उठून आत गेले आणि करंज्यांचं सारण परतायला घेतलं. ते आधीच परतलेलं होतं.

इतकी वर्षं मी लोकांना आणि स्वतःला सांगत आले की माझा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. ते अर्धंच खरं आहे. उत्तराची मला खात्री होती. पण एकदा मी डोळ्यांसमोर आणलं होतं की तो अकरावा तास जमिनीवर नसता तर काय झालं असतं, आणि त्यानंतर मला सुधीरचं विमान नको झालं. मला सुधीर हवा होता. शेंगा सोलणारा, आवाजावरून इंजिनं ओळखणारा, रात्रीच्या भाताला समोर बसणारा. सही दिली नाही तर तो उडणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण शिस्त ती शिस्त. मी त्याच्या नऊ वर्षांवर बसून राहिले. त्याने पुन्हा विचारलं नाही. नोव्हेंबर गेला, पहाटे पंखा बंद करायचे दिवस आले आणि गेले, मार्च संपला. एप्रिलमध्ये त्याने इंजिनासाठी लाकडी खोका बनवला आणि सगळं नीट बांधून ठेवलं. पंख आणि धड एका शाळेने नेले.

दोन वर्षांनी, एका बुधवारी, भाजी घेऊन येताना तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि उठला नाही. पिशवीत माझ्यासाठी घेतलेल्या ओल्या शेंगा होत्या. जमिनीवर, पायरीवर, घरापासून दोन मजले खाली. ज्याच्यासाठी मी गप्प बसले ते मला दोन वर्षं मिळालं आणि त्या दोन वर्षांत आम्ही विमानाबद्दल एकदाही बोललो नाही.

काल गाळ्यावर गेले. शटर अर्ध्यावर अडकलं, निकाळजे मॅडम आणि त्यांच्याबरोबरच्या हमालांनी ते वर ढकललं. अगरबत्तीवाले केव्हाच गेलेत, तरी आत मोगऱ्याचा वास होताच. दोरी होती, चिमटेही होते, अकरा कागद पिवळे पडून लटकत होते. मॅडमनी विचारलं हे काय, मी म्हटलं, माझी चूक. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

हमालांनी खोक्याचं झाकण काढलं. इंजिन तेलकट कापडात गुंडाळलेलं होतं, पट्ट्या नव्या बसवलेल्या. बाजूला ॲल्युमिनियमची एक लहान टाकी होती, हाताने ठोकून केलेली, तिला बारीक नळी आणि इंजिनाला जोडायची जागा. दुसऱ्या तेलासाठीची वेगळी टाकी. ती मी त्याला कधी सांगितली नव्हती. तिच्याशेजारी एक डबा, होडीच्या तेलाचा, सील न फोडलेला. बुडावर छापलेला महिना त्याच ऑक्टोबरचा. डब्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती, सुधीरच्या ठळक, एकेक अक्षर सुटं काढलेल्या अक्षरात.

वस्तू: तेल, जळण्यासाठी. काम करणार: सुधीर. तपासणार: ताई.

खाली सहीची जागा कोरी. तारखेची कोरी.

पळ्या त्याने घासल्या होत्या. त्यातल्या एकीत राख होती आणि एकीत नव्हती हे त्याने बघितलं होतं. नाखव्याशी माझं बोलणं ऐकलं होतं. त्याला उत्तर माहीत होतं, तेल त्याच्या हातात होतं, टाकी तयार होती. मार्चअखेरपर्यंत कुठल्याही सकाळी तो झाकण फोडून ओतू शकला असता. तो माझ्या सहीसाठी थांबला होता.

मी खोक्याच्या कडेवर बसले. मॅडमनी हमालांना चहाला पाठवलं आणि स्वतः थोडा वेळ दोरीवरचे कागद बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, तेलाचं सांगणार होतात."

मी सांगितलं. टाकीत साधं इंजिनाचं तेल, आणि जळायला वेगळ्या टाकीतून हे, होडीचं. हा डबा जुना झाला, ताजा आणा, पण याच जातीचा. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की, मी तपासलंय.

मग त्यांच्याकडून पेन मागून घेतलं. चिठ्ठी गुडघ्यावर धरली आणि तपासणार ताई याच्यापुढे सही केली. बऱ्याच दिवसांनी केलेली, पण सही ओळखू येते. खाली तारखेची जागा होती. तो ऑक्टोबर मला आजही वारासकट आठवतो, आणि तिथे बघायलाही कोणी नव्हतं. पेन तिथे बराच वेळ टेकून राहिलं. शेवटी सही केली त्याच दिवसाची, कालची तारीख घातली.